उपचार टाकी
उपचार टाकी : घरगुती मत्स्यालयातील आजारी मासा औषधोपचारासाठी ज्या वेगळ्या, लहान टाकीत ठेवतात ती. हौशी मंडळी तिला ‘हॉस्पिटल टँक’ म्हणतात. नवे मासे मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी दोन ते चार आठवडे नजरेखाली ठेवण्यासाठीही ती वापरतात, आणि खरे तर तिचा तोच उपयोग अधिक मोलाचा आहे.

पाण्यात टाकलेले औषध त्या पाण्यातल्या प्रत्येक जिवाला लागते. तांब्याची संयुगे परजीवी मारतात; कोळंबी आणि गोगलगायीही मारतात. मॅलाकाइट ग्रीनची पूर्ण मात्रा टेट्रा, लोच अशा नाजूक माशांना सोसत नाही. मिथिलीन ब्लूने पाणवनस्पती खराब होतात, काचेच्या सांध्यांतले सिलिकोन निळे पडते आणि फिल्टरमधले उपयुक्त जीवाणूही मरू शकतात. माशांनी टाकलेला अमोनिया हे जीवाणू आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये बदलतात. ते गेले की अमोनिया साचतो, आणि एकाला दिलेल्या औषधाने बाकीचे धडधाकट मासे दगावतात.

म्हणून मासा वेगळा काढणे हा सर्वसाधारण नियम. पण आजार माशात आहे की टाकीत, हे आधी ठरवावे लागते. सगळेच मासे एकदम पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर बहुधा पाणी बिघडलेले असते. तिथे औषधाची बाटली उघडण्याआधी अमोनिया व नायट्राइट तपासून पाणी बदलावे, हवेचा पंप वाढवावा. शेपटी कुजलेली नसून कुरतडलेली दिसत असेल, तर जखमी माशाऐवजी दांडगाई करणाऱ्या माशाला हलवणे शहाणपणाचे. टाकीतच टांगलेली, पिल्ले वेगळी ठेवण्याची जाळी मारामारी थांबवते, रोग थांबवत नाही. पाणी तेच असते.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (इक) हा या नियमाचा मोठा अपवाद. इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे दिसणारे ठिपके म्हणजे त्वचेखाली पोसला जाणारा परजीवी. तिथे औषध पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो गळून तळाशी कोष करतो, त्यात विभागून शेकडो पिल्ले होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. सुमारे दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते याच पोहत्या अवस्थेवर. तेव्हा ठिपके दिसणारा एकच मासा हलवून काही साधत नाही. कोष मागे टाकीत असतातच. एक तर कोळंबी-गोगलगायी दुसऱ्या भांड्यात काढून सगळ्या टाकीला औषध द्यावे, नाही तर सगळेच मासे उपचार टाकीत हलवून मुख्य टाकी दोनेक आठवडे माशांविना ठेवावी. ठिपके गेल्यावरही काही दिवस औषध चालू ठेवावे लागते. तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेल्यास हे चक्र लवकर फिरते. मात्र कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवा वाढवावी. तोंडाभोवतीचा पांढुरका थर बुरशीसारखा दिसला तरी तो अनेकदा कॉलम्नॅरिस या जीवाणूचा असतो, आणि तो उष्णतेने उलट फोफावतो. निदानाआधी हीटर वाढवू नये, ते यासाठी.

टाकी २० ते ४० लिटरची पुरते. तळाशी रेती नको. चुनखडीयुक्त रेती तांबे शोषते. लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, मंद उजेड, हीटर आणि स्पंज फिल्टर एवढे साहित्य. हा स्पंज आधीपासून मुख्य टाकीत चालत ठेवलेला असावा, म्हणजे जीवाणू तयार मिळतात. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढावा, तो औषध शोषून घेतो. मात्रा खऱ्या लिटरवर काढावी : ६० × ३० × ३० सेंमी.ची टाकी कागदावर ५४ लिटरची, पण पाणी काठाखाली असल्याने प्रत्यक्षात ४५–४८ लिटरची. रोज पाव ते तृतीयांश पाणी बदलावे आणि बदललेल्या पाण्यापुरतेच औषध पुन्हा घालावे.

साधे खडे मीठ लिटरला १ ते ३ ग्रॅम, वेगळे विरघळवून टप्प्याटप्प्याने दिल्यास गोल्डफिश, मॉली, गप्पी यांना ते मानवते, कोरीडोरासला कमी. पाणी उडून जाते, मीठ नाही. नुसती घटलेली पातळी भरताना पुन्हा मीठ घालू नये.

खवले उभे राहून मासा फुगला असेल, तर तो जलोदर क्वचितच बरा होतो. अशा वेळी लवंग तेलाने आधी पूर्ण बेशुद्ध करून शांत मरण देणे पुष्कळ पशुवैद्य मान्य करतात.

उपचार टाकीची जाळी व नळी वेगळी ठेवावी. नळी तोंडाने ओढून पाणी काढण्याची आपल्याकडची सवय इथे तर सोडावीच. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा माशांच्या क्षयाचा जीवाणू हातावरच्या जखमेतून माणसालाही बाधतो, म्हणून हातमोजे घालावेत. वापरानंतर टाकी धुऊन पूर्ण वाळवल्यास इकचा परजीवी टिकत नाही. क्षयाचा जीवाणू मात्र क्लोरीनलाही चिवट असतो; तो संशय असेल तर जाळी आणि स्पंज टाकून नवेच घ्यावेत.