मेंटेनन्स: सोसायटीचा वेगळा, अपार्टमेंटचा वेगळा

नागपुरात कोणत्याही फ्लॅट स्कीमला आपण सरळ ‘सोसायटी’ म्हणून मोकळे होतो. धंतोलीतली जुनी असो की बेसातली नवी. बोलण्यापुरतं ते ठीक आहे, पण मेंटेनन्सचा विषय निघाला की याच एका शब्दावरून भांडणं होतात.

मे महिन्यात आमच्या मनीषनगरच्या स्कीमची मिटिंग झाली. उकाड्यामुळे रात्री साडेनऊला, पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून. थ्रीबीएचकेवाले म्हणे, लिफ्ट तीच, चौकीदार तोच, मग आम्हीच जास्त काऊन द्यायचे? टूबीएचकेवाल्यांचं म्हणणं, तुमचा फ्लॅट मोठा, तुम्ही जास्त द्या. दोघंही मोबाईलवर सोसायटीचेच नियम दाखवत होते. गंमत म्हणजे आमची स्कीम सोसायटी नाहीच, अपार्टमेंट आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्था 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते. तिथे तुम्ही सभासद, आणि तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट असतं. अपार्टमेंटला 1970 चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा लागतो. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं. बिल्डरने नोंदवलेलं डिक्लरेशन डीड, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणल्याचा दस्त, असतं आणि प्रत्येकाच्या नावाचं अपार्टमेंट डीड. गेटवरच्या पाटीवर जाऊ नका, पाटीवर काहीही लिहिलेलं असतं. कपाटातली फाईल काढा.

सोसायटीत चौकीदार, झाडझूड, जिन्यातले दिवे, ऑफिसखर्च हा सेवा आकार सगळ्या फ्लॅटना सारखा. लिफ्टचंही तसंच. पाण्याचा आकार मात्र नळांच्या हिशोबाने. आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी), दुरुस्ती फंड बांधकाम खर्चावर निघतात: आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) वर्षाला अनुक्रमे किमान 0.25 आणि 0.75 टक्के. फ्लॅटचा बांधकाम खर्च 20 लाख धरला तर सिंकिंग फंडाचे वर्षाला 5,000 आणि दुरुस्तीचे 15,000. म्हणजे सोसायटीतही मोठ्या फ्लॅटचं बिल थोडं जास्त येऊ शकतं. ‘सगळ्यांना सारखं’ हे अर्धंच खरं.

अपार्टमेंटचा हिशोब सरळ आहे, गोड नाही. कायद्याच्या कलम 10 प्रमाणे सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामाईक जागा-सोयींमधल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या, टक्क्यांवर वाटायचा. ही टक्केवारी डिक्लरेशन डीडमध्येच लिहिलेली असते. समजा 20 फ्लॅट आहेत, 10 टूबीएचके प्रत्येकी 4 टक्के, 10 थ्रीबीएचके प्रत्येकी 6 टक्के, आणि महिन्याचा खर्च 60,000. सोसायटीसारखा सारखा वाटला तर प्रत्येकी 3,000. अपार्टमेंटच्या नियमाने टूबीएचकेला 2,400 आणि थ्रीबीएचकेला 3,600. ही टक्केवारी मिटिंगमध्ये हात वर करून बदलत नाही, त्यासाठी डीडच दुरुस्त करून नोंदवावं लागतं.

तळमजल्यावरच्या काकाजींचा ठरलेला मुद्दा, ‘मी लिफ्ट वापरतच नाही’, दोन्हीकडे चालत नाही. सामाईक सोय वापरत नाही म्हणून खर्चातून सुटका नाही, हे 1970 च्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलंय.

भाडेकरू ठेवला तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवा आकाराच्या 10 टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि त्या आकारात मनपाचा कर धरायचा नाही. हा नियम सहकारी संस्थांचा. अपार्टमेंटच्या कमिटीने तो दाखवून पैसे मागितले तर आधी आपल्या डीडमध्ये आणि उपविधींमध्ये काय आहे ते विचारा.

थकबाकीची वाटही वेगळी. सोसायटी उपनिबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवते. अपार्टमेंटमध्ये थकलेली रक्कम फ्लॅटवर बोजा म्हणून बसते, आणि विकायला निघालात की ती आडवी येते.

आमच्या मिटिंगमध्ये शेवटी एका वहिनींनी घरून डीडची झेरॉक्स आणली आणि मोबाईलच्या उजेडात शेवटच्या पानांवरचा टक्क्यांचा तक्ता काढला. थ्रीबीएचकेवाले जरा वेळ गप्प झाले. मग एकाने विचारलं, ‘हे आधी काऊन नाही दाखवलं?’ फ्लॅट घेताना तीच झेरॉक्स त्याच्याही हातात पडली होती.