सोनोग्राफीत 'किरणं' नसतात हो!

परळला कुठल्याही सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बसा, कोणीतरी काकू सांगणारच, "सारखी सोनोग्राफी नको गं, बाळाला किरणं लागतात." अहो, किरणं एक्स-रे नि सीटी स्कॅनमध्ये असतात, हा नुसता आवाज, फक्त २० हजार हर्ट्झच्या खूप वरचा म्हणून कानाला ऐकू येत नाही. पण "मग कितीही वेळ बघा" हेही चूकच, आवाजाची ऊर्जा अंगात मुरून थोडी उष्णता होते, डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारा मोड) लावला की जास्तच. स्क्रीनच्या कोपऱ्यात टीआय (थर्मल इंडेक्स) आणि एमआय (मेकॅनिकल इंडेक्स) असे दोन बारीक आकडे असतात, पहिला तापण्याचा अंदाज देतो, दुसरा दाबाच्या झटक्यांचा. प्रोब (पोटावर फिरवतात ते यंत्र) धरणाऱ्याला हे आकडे वाचता यायलाच हवेत, ट्रेनिंगमध्ये फिजिक्सचं लेक्चर बंक करणारे (असतातच!) नेमके इथे अडकतात. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाचे ठोके मोजायला डॉप्लर नाही, एम-मोड (हृदयाची हालचाल रेघेने दाखवणारा मोड) पुरतो.