सातबारा नसलेल्यांचा प्रश्न : एका जुन्या मागणीची पार्श्वभूमी

विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून निवडून आलेला आमदार नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कष्टकरी कुटुंबांबद्दल बोलायला उभा राहतो, तेव्हा कापसाचा भाव, पीकविमा आणि सिंचनाचा अनुशेष त्याच्या भाषणात येतातच. वेळ संपत आली की एक मागणी घाईने मांडली जाते : शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांना सरकारी मदतीसाठी ‘अपात्र’ ठरवणारे निकष बदला. खरे तर तिचा मान पहिला आहे.

19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने पवनारजवळ पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. सरकारदरबारी या प्रश्नाला वजन यायला मात्र दोन दशके लागली. 2005 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून शेतकरी आत्महत्यांचा अभ्यास झाला. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. 2008 च्या कर्जमाफीत पूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर ठेवली गेली. सात-आठ एकर कोरडवाहू असलेला इथला शेतकरी त्या रेषेबाहेर राहिला.

कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीचे नियम त्याच काळातले, 2006 च्या शासन निर्णयातले. 30 हजार हातात, 70 हजार मुदत ठेवीत. रक्कम वर्षानुवर्षे तीच राहिली. तंटा होतो तो पात्रतेवरून. जमीन मृताच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर हवी. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. आत्महत्येमागे नापिकी, न फिटलेले कर्ज किंवा वसुलीचा तगादा असल्याचे दिसायला हवे. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत चौकशी होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती निकाल देते. सरकारी पैसा पडताळणीशिवाय देऊ नये, हे प्रशासनाचे म्हणणे चूक नाही.

पण खेड्यातला व्यवहार कागदावर चालत नाही. मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) दुसऱ्याची जमीन कसली, तर त्याची लिखापढी क्वचितच होते, कारण विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळकायद्यापासून ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही धास्ती मालकाच्या मनात आहे. त्यामुळे खर्च आणि कर्ज मक्तेदाराच्या अंगावर पडते, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर राहतो. 2014 मध्ये सावकारी नियमनाचा नवा कायदा आला. तरीही विनापरवाना सावकाराकडून घेतलेल्या पैशाची पावती घरात सापडत नाही. मग बियाणे-खताची उधारी, पोरीच्या लग्नाचे कर्ज आणि दवाखान्याचा खर्च एकमेकांत मिसळलेले असताना अहवालात ‘दारूचे व्यसन’ किंवा ‘घरगुती वाद’ असे दोन शब्द पडतात आणि प्रकरण मिटते. ते शब्द कशाच्या आधारावर लिहिले गेले, हे विधवेला कुणी समजावून सांगत नाही. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरावर पुराव्याचे ओझे टाकणे अन्यायाचे आहे. हा मदतीच्या रकमेचा नाही, मानवी हक्काचाच प्रश्न आहे.

सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, आणि रोजमजूर तर या निकषांच्या उंबरठ्यावरही येत नाहीत. केंद्राच्या गुन्हे नोंदींत 2014 पासून शेतमजुरांच्या आत्महत्या वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे मोजणीत ते आले, मदतीत नाहीत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली. त्यांत दुसऱ्याच्या कपाशीवर रोजाने फवारणारे मजूर होते. तेव्हा कुठे मजुराचा जीव भाषणांचा विषय झाला.

पूर्वेकडे, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, कागदाचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने बिगर-आदिवासी दावेदाराकडून तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या, रहिवासाचा पुरावा मागितला.

अलीकडच्या मागण्या याच गाठीशी येतात : मक्तेदाराची नोंद गावपातळीवर करा, विधवेचे नाव सातबाऱ्यावर चढवताना खेटे घालायला लावू नका, अपात्रतेचे कारण लेखी द्या आणि त्यावर अपिलाची ठरलेली मुदत ठेवा, शेतमजुराच्या घरालाही मदत द्या. पहिल्या मागणीला जमीनमालकांचा विरोध आहे आणि तो बहुतेक पक्षांच्या आत आहे.