सश्यानं खाणं सोडलं तर सकाळची वाट पाहू नका

आमच्या इकडे बैलानं रवंथ सोडलं की घरच्या म्हातारीलेही लगेच समजते, पण ससा आजारी आहे हे भल्याभल्यांना कळत नाही, कारण तो ओरडत नाही, कण्हत नाही, चुपचाप कोपऱ्यात बसून राहते. मागच्या मे महिन्यात पुतणीच्या सश्यानं रात्री घास तोंडात घेतला नाही, आम्ही म्हटलं ऊन लागलं असंल, सकाळी पाहू. सकाळी पिंजऱ्यात सात-आठच लेंड्या, त्याही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. तालुक्याला नेईपर्यंत दुपारी तो गेला.

नंतर वाचलं, विचारलं, तेव्हा समजलं की सश्याचं पोट सतत चालूच राहावं लागते. त्याला उलटी करताच येत नाही, त्यामुळे आत गेलेलं फक्त पुढेच सरकते. लहान आतडं संपते तिथं सीकम नावाची मोठी पिशवी असते, तिच्यातले जंतू चारा आंबवतात, आणि त्यातून निघालेल्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या ससा परत खाते. हे घाण नाही बरं का, त्यातूनच त्याले प्रोटीन आणि बी व्हिटॅमिन भेटते, म्हणून त्यासाठी त्याले मारू नका. पण चाऱ्यातला धागा (फायबर) कमी झाला, पाणी कमी पडलं, दात वाढून टोचले, भीती बसली किंवा उष्णता वाढली, की आतडं मंदावते, आतला माल सुकते, गॅस धरते, दुखते म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं अजून थांबते. डॉक्टर याला जीआय स्टॅसिस म्हणतात.

चांगल्या लेंड्या हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या आणि भरपूर असतात. त्या बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, ससा पाठ वाकवून बसला, दात करकर वाजवत असंल, तर समजा पोट दुखून राहिलं. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद म्हणजे इमर्जन्सीच. अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० डिग्री सेल्सिअस असते, कान थंडगार लागले आणि तो मलूल असंल तर टॉवेलात गुंडाळून कोमट पाण्याची बाटली बाजूला ठेवा. उन्हाळ्यात मात्र उलटं, कान तापले असतील तर सावलीत आणा आणि कान ओल्या फडक्यानं पुसा.

पोट ढोलासारखं टम्म असंल तर जबरदस्तीनं काहीच भरवू नका, आतडं अडकलेलं असू शकते. लेकराचं उरलेलं औषध तर अजिबात देऊ नका. तोंडावाटे अमोक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं तर सीकममधले चांगले जंतू मरतात, विषारी वाढतात आणि ससा दगावते. ढोराच्या डॉक्टरलेही हे आठवणीनं सांगा, ससे त्यांच्याकडे क्वचितच येतात. जमलं तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.

रोजच्या खाण्यात ८० टक्के गवत हवं, पोळी, भात, बिस्कीट नको. धुऱ्यावरचं गवत आणलं तर तिथं तणनाशक मारलं होतं का हे आधी विचारा. दवाखान्यात जाताना खोक्यात त्याचंच गवत टाका आणि कालच्या-आजच्या लेंड्या कागदात बांधून न्या, डॉक्टर त्या पाहून बरंच काही ओळखतात.