क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन नाही

घरातल्या माशांच्या टँकचं पाणी बदलायचं असेल तर नळातला क्लोरीन उडून जावा म्हणून आदल्या रात्री बादली भरून ठेवा, असं मासे विकणारे दुकानदार हमखास सांगतात. सल्ला चांगला आहे, पण तो क्लोरीनपुरताच. पाण्यात क्लोरामाइन असेल तर रात्रभर काय, दोन-तीन दिवस ठेवूनही ते बऱ्यापैकी तसंच राहतं. नावं जवळची असल्यामुळे दोन्ही एकच समजली जातात आणि त्याची किंमत मासे मोजतात.

आपल्याकडच्या बहुतेक शहरांत पाण्यात क्लोरीन वायू किंवा हायपोक्लोराइट (क्लोरीनचं संयुग) घालतात, टँकरच्या किंवा विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार क्लोरीन घातलेल्या पाण्यात घरच्या नळापर्यंत निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त (म्हणजे कशाशी न जोडलेला) क्लोरीन उरायला हवा. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की मात्रा वाढवतात, तेव्हा नळ सोडताच वास येतो. हा क्लोरीन मुळात उडून जाणारा आहे. रुंद तोंडाची बादली, त्यात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) आणि एक रात्र, एवढं पुरतं. झाकण लावून ठेवलेल्या पिंपातून मात्र तो सहज जात नाही, हे बरेच जण विसरतात.

क्लोरामाइन म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचा संयोग. लांबलचक पाइपांतून जातानाही ते टिकतं, म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक शहरांनी ते मुद्दाम निवडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणीपुरवठ्यात ते २००४ पासून आहे, त्यामुळे तिथल्या बे एरिया भागातल्या मराठी घरांत टँक असेल तर पाणी साठवून ठेवण्यावर विसंबून चालणार नाही. भारतात ते सहसा मुद्दाम घालत नाहीत, पण नकळत तयार होऊ शकतं. नदीत सांडपाणी मिसळलं की पाण्यात अमोनिया येतो आणि क्लोरीन घालताच त्याचं क्लोरामाइन बनतं. दिल्लीत यमुनेतला अमोनिया १ पीपीएमच्या (म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या) आसपास गेला की वजीराबाद आणि चंद्रावल जलशुद्धीकरण केंद्रांना पाणी शुद्ध करणं जड जातं, उत्पादन घटवावं लागतं. प्रदूषित नदीचं पाणी पिणाऱ्या कुठल्याही शहरात ही शक्यता धरून चालावं.

तेच पाणी आपण पितो, मग माशांनाच त्रास का? आपण ते पचवतो. माशाच्या कल्ल्यांत पाणी आणि रक्त यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. क्लोरीन तो पडदाच जाळतो. क्लोरामाइन पडदा ओलांडून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिन निकामी करतं, त्यामुळे पाण्यात भरपूर हवा सोडली तरी मासा गुदमरतो. डायलिसिस केंद्रांत पाण्यातलं क्लोरामाइन कटाक्षाने काढतात ते याच कारणाने. तिथेही पाणी आणि रक्त यांच्यात एक पातळ पडदाच असतो.

आता दुकानातल्या अँटी-क्लोरीनबद्दल. त्याचे पांढरे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन असलेल्या १०० लिटर पाण्याला जेमतेम ०.७ ग्रॅम. क्लोरीनवर ते क्षणात काम करतं, बादली ठेवायचीही गरज उरत नाही. क्लोरामाइनमधलाही क्लोरीन ते मारतं, पण अमोनिया मोकळा सोडतं. समजा पाण्यात क्लोरीनच्या हिशेबाने ३ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरामाइन आहे. त्यातून लिटरमागे सुमारे ०.६ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियातला नायट्रोजन) सुटतो. टँकचं चौथाई पाणी बदललं तर तो ०.१५ वर येतो, आणि जुन्या, नीट बसलेल्या फिल्टरमधले जीवाणू तो पचवतात. नव्या टँकमध्ये ते जीवाणूच तयार झालेले नसतात, म्हणून खरा धोका तिथे. पाण्याच्या पीएचनेही (आम्लता-अल्कलीपणाच्या मापाने) फरक पडतो: ७ पीएचला विषारी रूपातला अमोनिया अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८ ला सुमारे पाच टक्के. म्हणून क्लोरामाइनच्या पाण्यासाठी अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर (टँकच्या पाण्यात घालायचं द्रावण) घ्यावं. बाटलीवर क्लोरामाइनचा उल्लेख नसेल तर मी ती घेणार नाही.

नळाला कोणतं आहे हे वासावरून ओळखू नका. डीपीडी या रसायनाच्या चाचणी-किटमध्ये मुक्त आणि एकूण क्लोरीन वेगवेगळे मोजता येतात, रंग गुलाबी येतो. दोन्ही आकडे सारखे आले तर साधा क्लोरीन; एकूणचा आकडा बराच मोठा आला तर मधला फरक क्लोरामाइनचा. पाणीखात्याचे कर्मचारी वापरतात ती ऑर्थोटोलिडीन या दुसऱ्या रसायनाची चाचणीही चालते: मुक्त क्लोरीनचा पिवळा रंग लगेच उमटतो, क्लोरामाइनचा काही मिनिटांत हळूहळू गडद होत जातो. फक्त चाचणीचं ते पाणी टँकमध्ये ओतू नका. किट नसेल तर क्लोरामाइन आहे असंच धरा. कंडिशनरचे चार थेंब जास्त गेले तर बिघडत नाही, कमी पडले तर बिघडतं.

एका बाबतीत मात्र दोन्ही सारखेच. फिल्टरचा स्पंज थेट नळाखाली धुतला तर त्यातले जीवाणू दोन्हींमुळे मरतात. टँकमधून सायफनने काढलेल्या पाण्यात तो दोन-तीनदा पिळला की पुरे.