तेरावा आणि चौदावा बाइट

‘व्हीलॅन केले की नेटवर्क सुरक्षित झाले’ असे ठामपणे सांगणारे विक्रेते पुष्कळ भेटतात. व्हीलॅन म्हणजे स्विचला, म्हणजे यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला, लागलेल्या यंत्रांचा पाडलेला आभासी गट. व्हीलॅनमुळे माहितीचे एन्क्रिप्शन होत नाही. एकाच स्विचवर अनेक वेगळी नेटवर्क नांदू शकतात आणि ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ अशी सर्वांना उद्देशून केलेली एआरपीची विचारणा आपल्या गटापुरतीच राहते, एवढेच त्याचे मूळ काम आहे.

हे गट बहुधा स्विचच्या पोर्टनुसार पाडतात. परंतु १९९०च्या दशकात एकाच तारेवरून आयपी, नॉव्हेलचे आयपीएक्स आणि ॲपलटॉक असे निरनिराळे प्रोटोकॉल (संवादाचे नियमसंच) वाहत असत, आणि एकच संगणक त्यांपैकी दोन वापरत असेल तर केवळ पोर्टवरून निवाडा होत नसे. म्हणून २००१ साली ‘आयईईई ८०२.१व्ही’ या मानकाने पोर्ट आणि प्रोटोकॉल या दोहोंवरून वर्गीकरण करण्याची सोय केली.

तारेवरून माहिती ‘इथरनेट फ्रेम’ नावाच्या तुकड्यांत जाते. फ्रेमचे पहिले सहा बाइट म्हणजे घेणाऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क-कार्डाचा पत्ता), पुढचे सहा म्हणजे पाठवणाऱ्याचा, आणि तेराव्या-चौदाव्या बाइटांत बहुधा ‘इथरटाइप’, म्हणजे आतल्या प्रोटोकॉलचा क्रमांक, असतो: षोडशमान पद्धतीत आयपीव्ही४ साठी ०८००, एआरपीसाठी ०८०६, आयपीव्ही६ साठी ८६डीडी. मात्र तेथील दशमान किंमत १५०० किंवा त्याहून कमी असेल तर ती फ्रेममधील मजकुराची लांबी असते आणि प्रोटोकॉल ओळखण्यासाठी स्विचला त्यापुढचे, प्रोटोकॉलची ओळख देणारे एलएलसी शीर्षक वाचावे लागते. गट ठरल्यावर, फ्रेम ट्रंकवरून (अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणाऱ्या जोडणीवरून) जाणार असेल तर, स्विच इथरटाइपच्या आधी चार बाइटांचा टॅग घुसवतो. त्यात षोडशमान ८१०० ही खूण, तीन बिट अग्रक्रमाचे, एक बिट गर्दीत फ्रेम टाकून द्यायला हरकत नाही हे सांगणारा, आणि बारा बिट व्हीलॅन क्रमांकाचे असतात. ४०९६ क्रमांकांपैकी दोन राखीव असल्याने ४०९४ वापरता येतात. फ्रेम बदलल्यामुळे शेवटची तपासणी-बेरीजही नव्याने करावी लागते. यात हमखास होणारी चूक अशी, की ०८०० ला वेगळ्या गटात घालणारा ०८०६ ला विसरतो. मग एआरपीने शोधला जाणारा मॅक पत्ता कोणाचाच सापडत नाही आणि सारी मांडणी अचूक दिसत असूनही आयपीव्ही४ ठप्प होते.

आज वेब, दूरध्वनी आणि व्हिडिओ हे सारे आयपीच्याच पोटात जात असल्यामुळे इथरटाइपवरून फोन आणि संगणक वेगळे ओळखता येत नाहीत. आयपी फोनला त्याचा व्हीलॅन क्रमांक स्विच बहुधा एलएलडीपी-एमईडी या शेजारच्या यंत्राला माहिती देणाऱ्या प्रोटोकॉलद्वारे कळवतो आणि आवाजाच्या फ्रेमवर टॅग फोन स्वतःच लावतो. एकाच पोर्टवरील आयपीव्ही६ ला आयपीव्ही४ पासून वेगळे काढायचे असेल, तर मात्र इथरटाइपची ही तपासणी अजूनही उपयोगी पडते.