पहिलटकरणीचा हिवताप

"डासाला काय बाई-बाप्या कळतो?" हिवतापाच्या कार्यक्रमात स्त्री-पुरुष असा वेगळा विचार करायला हवा, असं कुणी म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला वाटतं, विषय संपला.

डासाला थोडंफार कळतं. आफ्रिकेतल्या गांबियात झालेला एक अभ्यास २००० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात गरोदर बायकांकडे अ‍ॅनॉफिलीस डास इतर बायकांच्या दुपटीने आले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत श्वासावाटे बाहेर पडणारी हवा २१ टक्क्यांनी जास्त होती, म्हणजे कार्बन डायऑक्साइडही जास्त. पोटाची त्वचा ०.७ अंशांनी गरम होती. डास या दोन्हींचा माग काढत येतो. त्यात रात्री दोनदा-तीनदा लघवीला उठायचं, म्हणजे मच्छरदाणीबाहेर यायचं.

पण खरा भेद करतो तो डासाच्या लाळेतून आलेला परजीवी. प्लाझ्मोडियम फॅल्सिपॅरम तांबड्या पेशीत शिरून वाढू लागला की ती पेशी ताठर होते. अशी पेशी प्लीहेत पोचली तर गाळली जाणार. म्हणून परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक चिकट प्रथिन आणून ठेवतो आणि पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते. पण बाहेर मांडलेलं प्रथिन आपल्या प्रतिकारयंत्रणेला दिसतं आणि ती प्रतिपिंडं तयार करते. यावर परजीवीचा तोडगा असा: त्याच्याकडे या प्रथिनाची सुमारे ६० जनुकं असतात, एका वेळी एकच चालू. एक ओळखलं गेलं की दुसरं. हिवताप बारमाही असलेल्या गावात मूल मोठं होईपर्यंत यातली बहुतेक रूपं शरीराच्या ओळखीची होतात. म्हणून तिथल्या मोठ्या माणसाच्या रक्तात परजीवी सापडतो, पण माणूस आजारी दिसत नाही.

त्या साठांतलं एक जनुक मात्र इतरांसारखं नाही. त्याचं प्रथिन, व्हार-टू-सीएसए, फक्त कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या साखरेच्या साखळीला चिकटतं. (गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या डबीवर कॉन्ड्रॉइटिन हे नाव वाचलं असेल, त्याच कुळातलं.) या प्रथिनाला हवी तशी साखळी वारेवर असते, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या त्या अवयवावर. पुरुषाच्या, मुलाच्या किंवा गरोदर नसलेल्या बाईच्या शरीरात या प्रथिनाला धरायला जागाच नाही. त्यामुळे त्याविरुद्धची प्रतिपिंडंही सहसा कुणात नसतात. मुलगी पहिल्यांदा गरोदर राहते, वार तयार होते आणि लहानपणापासून कमावलेली प्रतिकारशक्ती या एका रूपापुढे कोरी ठरते. वारेत अडकलेले परजीवी वेगळ्या रेणूला चिकटतात, हे १९९६ साली मिखाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी दाखवलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत प्रतिपिंडं जमतात. म्हणून अशा भागांत सर्वांत जास्त धोका पहिलटकरणीला.

मध्यंतरी याच प्रथिनावरून 'मलेरिया कॅन्सर बरा करणार' असे मथळे झळकले होते. अनेक कर्कपेशींवर वारेसारखी साखळी असते आणि प्रथिन तिथेही चिकटतं, इतकंच २०१५ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दिसलं होतं. प्रथिन म्हणजे मलेरिया नव्हे. पण मथळा लिहिणाऱ्याला कोण सांगणार?

वारेत परजीवी साठले की आईचं रक्त कमी होतं आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. गंमत अशी (गंमत कसली!) की आईला ताप येईलच असं नाही. बोट टोचून घेतलेल्या थेंबातही परजीवी सापडेलच असं नाही, कारण ते वारेत दडलेले असतात. आणि आपली सगळी यंत्रणा उभी आहे ती 'ताप आला की रक्तनमुना घ्या' या वाक्यावर. औषधांचीही तीच तऱ्हा. गरोदर बायकांना चाचण्यांतून वगळायची रीत असल्याने माहिती उशिरा जमते. पहिल्या तिमाहीत आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन द्यायला जागतिक आरोग्य संघटनेने हिरवा कंदील दाखवला तो २०२२ मध्ये. तोवर क्विनिनच, कडू आणि सात दिवस.

भारतात बऱ्याच भागांत हिवताप इतका बारमाही नाही. तिथे मोठ्यांनाही फारशी प्रतिकारशक्ती नसते, म्हणून पहिली खेप असो वा तिसरी, दुखणं गंभीर होऊ शकतं. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात प्रश्न आणखी वेगळे. तेंदूपत्त्याला किंवा शेताच्या राखणीला रात्री बाहेर मुक्कामी गेलेल्या पुरुषाला घरातल्या फवारणीचा काय उपयोग? त्याला जंगलात नेता येईल अशी मच्छरदाणी हवी. आणि पाळीच्या दिवसांत बाईला गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहावं लागतं, ते फवारणीच्या यादीत असतं का? विटाळ ही कल्पनाच मुळात खुळी आहे, पण ती जाईपर्यंत त्या झोपडीत झोपणाऱ्या बाईला डास चावणारच. यादी करणाऱ्याने आधी घरातल्या बाईला विचारावं, कोण कुठे झोपतं.

मला सर्वांत खटकते ती नोंदवहीतली फट. हिवतापाचा दुसरा परजीवी, व्हायव्हॅक्स, यकृतात सुप्त राहतो. त्याला तिथून काढायला प्रायमाक्विन १४ दिवस द्यावं लागतं आणि ते गरोदरपणात देत नाहीत. गर्भाच्या तांबड्या पेशी फुटण्याची भीती असते. तोवर क्लोरोक्विनवर भागवायचं आणि प्रायमाक्विनचं बाळंतपणानंतर बघायचं. आता आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात ती निघून जाते; मच्छरदाणी सासरी वाटलेली, हिवतापाची नोंद सासरच्या आरोग्य केंद्रात, बाळंतपण तिसरीकडे. सासरच्या आशाताईंच्या यादीत ती 'स्थलांतरित', माहेरच्या यादीत तिला हिवताप झालाच नव्हता. उरलेल्या गोळ्यांची आठवण मग कुणी ठेवायची? हातातल्या माता-बाल कार्डावर हिवतापाची एक ओळ ठळक लिहून दिली तरी पुष्कळ भागेल. कार्ड तिच्याबरोबर माहेरी जातंच.